हवालदारांच्या पुतण्याचा गुडघा

पिंपरवाडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९४१, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे

प्रिय मित्र जिनदत्त यास कृष्णातचा सप्रेम नमस्कार.

या क्षणी मी ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून बसलो आहे आणि डाव्या हातातल्या अडकित्त्याने उजव्या गुडघ्यावर ठोकत आहे. लिहिणे उजव्या हाताने चालू आहे. आतापर्यंत एकवीस वेळा ठोकले. पाय हललेला नाही.

तू सांगलीला डॉक्टरांकडे कंपाउंडर आहेस, म्हणून हे फक्त तुला कळवतो. गुरुवारी, ता. ६ रोजी, मी साताऱ्याला भरतीला गेलो होतो. लढाईसाठी नव्हे, पलटणीच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी. दात पाहिले, डोळे पाहिले, छाती मोजली. सगळे ठीक. मग लष्करी डॉक्टरने मला बाकावर बसवून रबराच्या लहान हातोडीने गुडघ्यावर टकटक केले. माझ्या आधी म्हसवडचे तिघे होते. त्या तिघांचे पाय आपोआप वर उडाले. माझा उडाला नाही. डॉक्टरने तीनदा ठोकले, डावाही पाहिला, भुवया उंचावल्या आणि कागदावर काहीतरी लिहिले. कारकून मला बाजूला घेऊन म्हणाला, "नसांचा काहीतरी दोष दिसतोय. अकरा मार्चला परत या. तेव्हा पण असंच निघालं तर मग नाव काढून टाकतील."

तयारीत माझ्याकडून काही कसूर झाली असे म्हणता येणार नाही. तुला ठाऊकच आहे, वडिलांच्या मागे मला वाढवणारे माझे चुलते हंबीरराव पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले आहेत. भरतीला जाणाऱ्या प्रत्येक पोराची ते आमच्या अंगणात तयारी करून घेतात. मला तर तीन आठवडे रोज पहाटे बसवत होते. मी ताठ बसायचे, नजर समोर, आणि काका काठीने खांदा, पोट, पाय असे कुठेही ढोसायचे. "सायेबानं हात लावला, टोचलं, ठोकलं, तरी गडी हालायचा न्हाई. हालला त्यो कच्चा." शेवटच्या आठवड्यात मी इतका तयार झालो होतो, की पायावरून मुंगळा गेला तरी मी भिंतीकडेच पाहत राहिलो.

खरी काळजी वेगळी आहे. माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत. मुलीचे नाव बनुबाई, तासगाव भागातल्या आकारामतात्यांची मुलगी. तिला पाहायला आम्ही ता. २ मार्चला जाणार आहोत. नसा मेलेल्या माणसाला कोण मुलगी देईल? आज गुडघा मेला, उद्या हात मरेल, परवा जीभ. काकांना मी एवढेच सांगितले आहे, की अकराला पुन्हा बोलावले आहे.

माणसाचा गुडघा मेला हे कसे ओळखावे आणि तो जिवंत कसा करावा, हे सविस्तर कळव. पत्र कुणाला दाखवू नकोस.

तुझा,
कृष्णात

ता. क. चोवीस वेळा झाले. पाय हलला नाही. आता दुखू मात्र लागला आहे.


सांगली
गुरुवार, ता. १३ फेब्रुवारी १९४१

मित्रा कृष्णात, जयजिनेंद्र.

तुझे पत्र पोचले. दुखतोय ना गुडघा? मग मेला कसा? मेलेली वस्तू दुखते का रे गड्या? व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत पेपरची शुद्ध प्रत काढता काढता वेळ संपवणारा माणूस तू. साधी गोष्ट तुला कधी सुचायचीच नाही.

आता नीट ऐक. डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकात आकृती आहे, ती पाहून लिहितो. गुडघ्याच्या वाटीवर ठोकायचे नसते. वाटीच्या खाली आणि नडगीच्या वर बोटाने चाचपले, की एक जाड दोरी लागते. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू त्या दोरीने नडगीला बांधलेला आहे. दोरीवर ठोकले, की तो स्नायू केसभर ताणला जातो. स्नायूच्या पोटात बसलेला मज्जातंतू ताबडतोब वर्दी देतो, "ताण पडला." वर्दी कुठे जाते? तुला वाटेल डोक्यात. नाही. ती पाठीच्या कण्यात जाते आणि तिथूनच उलट हुकूम येतो, "आखड." स्नायू आखडतो, पाय उडतो. मेंदूला हे सगळे झाल्यावर कळते.

म्हणजे असे बघ. गावात चोर शिरला, तर पाटील मामलेदाराच्या हुकमाची वाट बघत बसतो का? आधी चोराला धरतो, मग तालुक्याला कळवतो. कणा म्हणजे तुझ्या अंगातला पाटील. मेंदू म्हणजे मामलेदार. डॉक्टर हातोडीने एवढेच बघतो, की गावचा पाटील जागा आहे का.

तेव्हा पाय मोकळा सोड, जमिनीला टेकू देऊ नकोस, आणि योग्य जागी हलके ठोक. अडकित्ता ठेवून दे. तुझ्या काकूंना सुपारी लागत असेल.

बनुबाई दिसायला कशी आहे ते लिहिले नाहीस.

तुझा,
जिनदत्त


पिंपरवाडी
गुरुवार, ता. २० फेब्रुवारी १९४१, दुपारचे साडेतीन

प्रिय जिनदत्त,

तू लिहिल्याप्रमाणे जागा शोधली. सोनाराकडून लहान हातोडी मागून आणली. सात दिवसांत उजवा गुडघा एकशे बारा वेळा आणि डावा एकशे नऊ वेळा ठोकला. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, अशा रकान्यांचा तक्ता केला आहे. शेवटच्या रकान्यात सर्वत्र 'नाही' आहे.

मग मनात आले, की कदाचित पुस्तकच चुकीचे असेल. म्हणून दुसऱ्यांचे गुडघे तपासले. काकूंचा पाय उडून परातीला लागला. सुताराचा उडाला. जोतिबाच्या देवळापुढे पत्ते खेळत बसलेल्या सहा जणांचे उडाले, आणि त्यांनी पत्ते टाकून एकमेकांचे उडवायला सुरुवात केली. पोस्टमन जोतीराम गावाचे टपाल घेऊन आला तेव्हा त्याचा तपासला, तर त्याची वहाण पायातून सुटून थेट गोठ्यात गेली आणि तिचा पट्टा तुटला. आमच्या वाडीत एकूण सत्तावीस माणसांचे गुडघे उडतात. शिकलेले आणि न शिकलेले अशी वेगळी नोंद ठेवली होती, पण फरक आढळला नाही. सत्तावीसांत काका धरलेले नाहीत. ते म्हणाले, "माज्या गुडघ्याला हात लावशील तर बघ."

आता वाईट बातमी. सत्तावीस माणसांचे गुडघे तपासल्यावर सत्तावीस माणसे विचारणारच, की हा असे का करतोय. मी सांगितले, की अभ्यास करतोय. पण सुतार म्हणाला, "आन् तुजा रं?" त्याने माझ्या हातून हातोडी घेऊन सगळ्यांसमोर ठोकले. पाय हलला नाही. सुताराने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आसूं दे. देव बगून घील." एखाद्याच्या घरी दुःख झाल्यावर बोलतात, तसे. काकांच्या कानावर घालायला मात्र अजून कुणी धजावलेले नाही.

जोतीरामची बहीण आकारामतात्यांच्या गावात दिली आहे. जोतीराम तिकडे महाशिवरात्रीला जाणार आहे. यापुढे मी काय सांगू?

तू विचारले होतेस ते. बनुबाईला मी पाहिलेली नाही.

तुझा,
कृष्णात


सांगली
सोमवार, ता. २४ फेब्रुवारी १९४१

कृष्णात,

सत्तावीस गुडघे. आमच्या दवाखान्यात वर्षाला इतके होत नाहीत.

जागा बरोबर असून पाय उडत नाही, म्हणजे दोन गोष्टी संभवतात. एक तर खरोखर आजार. पण तू सकाळी चालतोस, विहिरीवर जातोस, चढ चढतोस, त्यामुळे मला ते पटत नाही. दुसरी अशी, की स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. मोटेचा नाडा कसा? बैल चालला की मोट वर येते, पण नाड्याने मोट खाली ढकलता येते का? म्हणून देवाने प्रत्येक सांध्याला दोन बाजूंनी स्नायू दिले आहेत. मांडीच्या पुढचा आखडला की पाय पुढे, मागचा आखडला की पाय मागे. एक ओढत असताना दुसऱ्याने सैल सोडले पाहिजे. दोन्ही एकदमच ओढत बसले तर पाय खांबासारखा होतो, आणि मग घण घातला तरी हलत नाही.

म्हणून विचारतो. ठोकताना तू अंग ताठ तर धरत नाहीस ना? खरे सांग.

एक युक्ती आहे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत आकड्यासारखी अडकवायची आणि डोळे मिटून हात बाहेर ओढत राहायचे. मामलेदार हातांच्या भानगडीत गुंतला, की पाटलाला त्याचे काम करता येते. ठोकायला मात्र दुसरा माणूस घे. आणि मुद्दाम पाय उडवून डॉक्टरला फसवायचा विचार असेल तर तो सोड. खोटी लाथ उशिरा येते, डॉक्टरला ती लगेच कळते.

जिनदत्त


पिंपरवाडी
मंगळवार, ता. ४ मार्च १९४१, पहाटेचे सव्वासहा

प्रिय जिनदत्त,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अंगाबद्दल काळजी नसावी. ठोकताना मी अगदी व्यवस्थित ताठ असतो, इकडचा तिकडे होत नाही.

परवा आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. मी आणि काका. भिलवडी स्टेशनावर उतरून पुढे बैलगाडीने. गाडीत काकांनी सूचना दिल्या. नजर समोर. विचारतील तेवढेच बोलायचे. हसायचे नाही. "आपुन कुनाच्या घरात बसलोय ही त्यास्नी कळलं पायजे." काय कळले पाहिजे, ते मला कळले नाही, पण मी हो म्हणालो.

आकारामतात्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडे अंथरले होते. समोर भिंतीवर साखर कारखान्याचे कॅलेंडर होते. मी कॅलेंडर पाहत बसलो. मुलीला आणून समोर पाटावर बसवले. काकांनी तिला नाव विचारले, तिने सांगितले. आवाज चांगला आहे. मी फेब्रुवारीचे सगळे रविवार मोजले. चार होते. मार्चचे पान अजून कुणी उलटले नव्हते.

मग तात्यांची बहीण रंगूआत्या चहा घेऊन आल्या. माझ्यापाशी आल्यावर कपातला कढत चहा त्यांनी माझ्या मांडीवर ओतला. सांडला असे मी लिहीत नाही. नेम धरून ओतला. म्हणाल्या, "आगं बया, हात थरथरला माजा." हात अजिबात थरथरला नव्हता.

जिनदत्त, मला फार भाजले. पण शेजारून काकांनी ओठ न हलवता सांगितले, "हालू नगं." मी हललो नाही.

सोप्यात सगळे माझ्या पायाकडे पाहत होते.

"भाजलं का वो पावनं?" आकारामतात्यांनी विचारले.

"आमच्या घरातलं पोरगं भाजत न्हाई," काका म्हणाले.

"भाजत न्हाई म्हंजे? दगूड हाय का काय?" रंगूआत्या तात्यांकडे वळल्या. "दादा, मी म्हटलं न्हवतं? जोतीरामच्या बहिणीनं सांगितलं त्ये खरं हाय. नसा मेल्यात. कढत च्या वतला, तर पाय जरा तरी हालला का बघ."

काकांना तेव्हा सगळे कळले. तात्या सरळ माणूस आहे. ते म्हणाले, "हवालदार, राग मानू नगा. पोरगी माजी एकलीच हाय. शिमगा झाला की तिसऱ्या दिवशी या आन् नसा जित्त्या हायत असा डागदरचा कागद दावा. कागद आला तर पुढचं बोलू. न्हाई आला तर फलटणच्या पावन्यास्नी व्हय म्हनून सांगतो."

शिमगा ता. १३ ला आहे. भरतीची तपासणी ता. ११ ला. म्हणजे एकाच कागदावर दोन्ही गोष्टी आहेत, आणि नोकरी गेली तरी मला तितके वाटणार नाही.

तितके का वाटणार नाही, ते सांगतो. चहा पडला तेव्हा मी कॅलेंडरकडेच पाहत होतो, पण खालच्या कडेने मला बनुबाईंचा पाय दिसत होता. माझ्या मांडीवर चहा पडला आणि त्यांचा पाय झटक्याने मागे गेला. चहा त्यांच्या अंगावर एक थेंबही उडाला नव्हता. अंतर साडेतीन हात होते. ज्याच्यावर चहा पडलाच नाही, त्याचा पाय मागे का जातो? तुझ्या पुस्तकात असेल तर कळव. मी दोन दिवस त्याचाच विचार करतो आहे.

कृष्णात


सांगली
गुरुवार, ता. ६ मार्च १९४१

अरे शहाण्या,

तुझे पत्र मी डॉक्टरसाहेबांना वाचून दाखवले. कुणाला दाखवू नकोस म्हणाला होतास. मी दाखवले नाही, वाचले. "ठोकताना मी अगदी व्यवस्थित ताठ असतो" या वाक्याशी साहेब इतके हसले, की चष्मा पुसायला काढावा लागला. आधीची पत्रेही मग त्यांनी मागून घेतली. पहिल्या पत्रातली काठीची हकिकत ऐकून म्हणाले, "या मुलाच्या नसा उत्तम जिवंत आहेत. याचा चुलता जरा जास्त जिवंत आहे."

तुला अजूनही कळले नसेल, म्हणून लिहितो. पाटील कितीही जागा असला तरी मामलेदार त्याला आधीच दमात घेऊन ठेवू शकतो. मेंदूतून कण्याकडे हुकूम जातो, की काही झाले तरी हलायचे नाही. दोन्ही बाजूंचे स्नायू आवळले जातात आणि पाय खांब होतो. तुझ्या काकांनी तीन आठवडे काठी घेऊन तो हुकूम तुझ्यात इतका मुरवला आहे, की हातोडी दिसली की तू आपोआप दगड होतोस, आणि आपण दगड झालो आहोत हेही तुला कळत नाही. आजार नाही. तुझी तयारी जास्त झाली आहे.

आता काकांना हे सांग. ते तुला सैल करू शकले तर बघ. बोटांची युक्ती रोज कर. आणि ठोकत असताना मनातल्या मनात दीडकीचे पाढे म्हण, म्हणजे लक्ष पायावरून उठेल.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. साहेब म्हणाले, की कुस्तीच्या फडात बघणाऱ्यांचे खांदे आपोआप हलतात ते तू पाहिले असशील. दुसऱ्याला लागताना डोळ्याने दिसले, की आपले अंग ते आपल्यालाच लागल्यासारखे धरते. पण बघणारा ज्याच्या बाजूचा असतो, त्याचेच लागणे फक्त तो असे अंगावर घेतो. पुढे साहेब नुसते हसले. ते पुस्तकात नाही.

जिनदत्त


पिंपरवाडी
ता. ९ मार्च १९४१

रा. जिनदत्त कंपाउंडर यास हवालदार हंबीरराव यांचा रामराम.

कागद मी स्वता लिहितोय. शिक्षान चौथी, पर पलटनीत रिपोर्ट लिहिलेत. तुमचा कागद पोरानं मला वाचून दावला. तुमच्या डागदरनं मला जास्त जित्ता म्हटलं ती बी वाचलं. पोरगं ती वाक्य गाळत हुतं, मी कागद हातात घेतला.

आमी बावीस वर्सं पलटनीत काढली. मेसोपोटेमियात व्हतो. आमच्या येळंला भरतीला छाती, दात आन् डोळं बघायचं. हातोडी न्हवती. मी आत्तापतूर अकरा पोरं भरतीला तयार करून धाडली, धाच्या धा पास. अकरावा ह्यो. आता तुमी म्हनताय पोरगं माज्यामुळं दगूड झालं. मला पटलं न्हाई. म्हनून काल म्हशीची धार काढून गव्हानीवर पाय सोडून बसलो व्हतो तवा कुनी बघत न्हाई असं बघून मी लाकडी माप घिऊन सोताच्या गुडघ्याला ठोकलं. पाय उडाला आन् चरवी लवंडली. अडीच शेर दूद गेलं. घरात सांगितलं म्हशीनं लाथ मारली. ही तुमी कुनाला सांगू नगा.

तवापस्नं मला झोप न्हाई. पोराला मी सांगतोय, सैल बस. त्यो म्हनतो, बसलोय. मी म्हटलं, पाय हालू दे. तर त्येनं पाय हालवला, पर मी ठोकल्यावर येक ते तीन म्हनेपतूर येळ गेला आन् मग हालवला. मला खूश करन्यासाठी. मी बोटं आडकवाया लावली, तर बोटं बी ताठ. पाडं म्हनाया लावलं तर पाडं बरूबर म्हनतो, पाय तसाच. धावी खेप झाली तवा त्यो मला म्हनला, "काका, तुमी वाईट वाटून घिऊ नगा. माज्यात दम न्हाई." मी गोठ्यात जाऊन बसलो.

ज्या हातानं बांदलं त्याच हातानं सोडाया पायजे, येवढं मला कळतंय. कसं ती डागदरला इचारून कळवा. अकरा तारखेआदी कागद पोचनार न्हाई ती बी कळतंय. तरी लिहिलं. लिहिल्यावर जरा बरं वाटतं.

हंबीरराव, हवालदार (पेन्शन)


पिंपरवाडी
सोमवार, ता. १७ मार्च १९४१, सकाळचे आठ वाजून पाच मिनिटे

प्रिय जिनदत्त,

काल सायंकाळी आम्ही आकारामतात्यांकडून परत आलो. रात्री झोप लागली नाही, म्हणून आता क्रमाने सगळे लिहितो.

ता. ११ रोजी काका माझ्याबरोबर साताऱ्याला आले. भरतीच्या खोलीत नातेवाइकांना घेत नाहीत. काकांना बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसायला सांगितले. माझा नंबर सव्वाअकराला लागला. तोच डॉक्टर, तीच हातोडी. मी बाकावर बसलो, बोटे अडकवली, डोळे मिटले आणि मनात दीडकी सुरू केली. तीस दिडे पंचेचाळीसपर्यंत गेलो. डॉक्टरने ठोकले. काही नाही. पुन्हा ठोकले. काही नाही. डोळे उघडून पाहतो तो डॉक्टर लेखणी दौतीत बुडवत होता. काय लिहिणार ते मला ठाऊक होते. मला बनुबाईंचा तो पाय आठवला आणि त्यानंतर फलटणचे पाहुणे, ज्यांना मी कधी पाहिलेले नाही.

त्याच वेळी माझ्या मागच्या खिडकीतून पलटणीचा हुकूम आला, "स्टँड ईझी."

काकांचा तो आवाज तू ऐकलेला नाहीस. अंगणात मी तीन आठवडे रोज पहाटे ताठ बसत होतो, आणि अगदी शेवटी, सूर्य वर आल्यावर, काका अंग सैल सोडायचे हे दोन शब्द म्हणायचे. मग मी घरात जाऊन भाकरी खायचो. ते शब्द कानावर पडताच माझे खांदे खाली आले, पोट सुटले, मांड्या लोण्यासारख्या झाल्या. डॉक्टरने खिडकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि लेखणी न ठेवता दुसऱ्या हाताने सहज एकदा हातोडी मारली. माझा पाय असा उडाला, की मेजाला लागून दौत खाली पडली आणि फुटली.

डॉक्टर कारकुनाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मी विचारले, साहेब काय म्हणतात? कारकून म्हणाला, "साहेब म्हणतात, यापुढे खिडकी लावून घेत जा." नंतर त्यांनी डावाही पाहिला. तोही उडाला. कागदावर 'फिट' असा शिक्का आहे, आणि कारकुनाने माझ्या विनंतीवरून खाली मराठीत लिहून दिले, की नसा ठीक. मला जूनच्या एक तारखेला हजर व्हायचे आहे.

काल आम्ही कागद घेऊन आकारामतात्यांकडे गेलो. तात्यांनी तो दोनदा वाचला, रंगूआत्यांना वाचून दाखवला. मला वाटले, काम झाले. पण काका खुशीत होते. त्यांनी खिडकीची हकिकत सांगितली, आवाजासकट. गोठ्यातले रेडकू उठून उभे राहिले.

तात्या हसले नाहीत. म्हणाले, "म्हंजे तुमी म्हनला तवा हालला."

"व्हय तर," काका म्हणाले.

"आन् परवा च्या पडला, तवा तुमी हालू नगं म्हनला."

"व्हय."

"हवालदार, नसा जित्त्या हायत, ही मला पटलं. पर त्या तुमच्या हायत का त्येच्या? उद्या माजी पोरगी ह्येच्या घरात यील. तिला ताप आला तर डागदरला बोलवाया बी ह्यो तुमच्या तोंडाकडंच बघनार व्हय?"

रंगूआत्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात या वेळी काही नव्हते, हे मी आधीच पाहून ठेवले होते. बनुबाई आत होत्या.

तात्या माझ्याकडे वळले. "तूच सांग बाबा. पोरगी पसंत हाय का तुला?"

काकांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "पसंतीचं म्हंजे असं हाय की आमच्या घरात..."

"हाय," मी म्हणालो.

जिनदत्त, मी शुद्ध बोलणारा माणूस. लहानपणापासून 'आहे' म्हणतो, त्यावरून वाडीत चेष्टा सहन केली आहे. शिवाय मोठी माणसे बोलत असताना मी आजवर मध्ये कधी बोललेलो नाही. हे 'हाय' माझ्या तोंडून गेले तेव्हा मला ते ऐकू आले, आणि कोण बोलले म्हणून मी पाहायला लागलो. सगळे माझ्याकडेच पाहत होते, तेव्हा उलगडा झाला. आवाजही बराच मोठा होता. काकांचा आवाज आमच्या घरात रक्तातूनच असावा.

रंगूआत्या म्हणाल्या, "दादा, ह्यो काय कुनाच्या हुकमानं बोलला न्हाई."

तात्यांनी पानाचे तबक पुढे सरकवले. वैशाखातली तारीख धरायची ठरले. तू येणार आहेस, डॉक्टरसाहेबांनाही विचार.

परतीला आम्ही स्टेशनावर आलो. गाडी यायला अवकाश होता. बाकावर बसल्यावर काका म्हणाले, "मी बी तेच सांगनार हुतो. जरा इस्कटून सांगनार हुतो." मग त्यांनी विचारले, "ठोकल्याबिगर कसं काय उडालं रं ती?" मी म्हणालो, मला ठाऊक नाही, जिनदत्तला विचारतो.

तेव्हा कळव.

गुडघ्यापायी झालेल्या खर्चाचा हिशेब तुझ्या माहितीसाठी देतो. रुपये, आणे, पै.

आगगाडी, दोघांची, भिलवडीपर्यंत दोन खेपा: ८-०-०
साताऱ्याची मोटार, दोन वेळा: १-८-०
एरंडेल व आंबेहळद, गुडघे दोन व मांडी एक: ०-५-०
सोनाराच्या हातोडीला नवा दांडा: ०-३-०
पाकिटे व कार्डे: ०-६-०
भरतीच्या कचेरीतली दौत: ०-६-०
एकूण खर्च: १०-१२-०

देणे:
काकांचे, आगगाडीचे: ८-०-०. नको म्हणतात. लिहून ठेवले आहेत.
जोतीराम पोस्टमन, वहाणेचा पट्टा: ०-२-०
डॉक्टरसाहेबांची सल्ल्याची फी: आकडा तू कळव.
आकारामतात्यांकडे, कपबशी एक: ०-२-६. मी 'हाय' म्हणालो त्याच क्षणी आतल्या खोलीत जमिनीवर पडून फुटली. कुणाच्या हातून, याची चौकशी मी केली नाही. रंगूआत्या दारात होत्या, आणि घरात तिसरी बाई नाही.

तुझा,
कृष्णात